माद्यांचा खोका

"सिंधुबाई, पिंजऱ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही. उद्यापासून येऊ नका."

प्रयोगशाळेचे प्रमुख वेणीमाधव सर हे बोलले तेव्हा सिंधुबाईच्या हातात उंदरांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. त्या खाली ठेवायचंही तिला सुचेना. बावीस वर्षं ती सिन्नरहून एसटीने नाशिकच्या या फार्मसी कॉलेजात यायची, उंदरांचं खाणंपिणं बघायची. आजवर तिला कुणी वाकडा शब्द ऐकवला नव्हता.

झालं होतं असं, की संशोधन करणारी मृण्मयी उंदरांना कोकेन टोचून त्यांच्या मेंदूतली हालचाल संगणकावर पाहत होती. यंदा पहिल्यांदाच तिने नरांबरोबर माद्याही घेतल्या. डोस तोच, पण माद्यांच्या मेंदूने भलताच धिंगाणा घातला. सरांनी निदान करून टाकलं: बाईने आधी कोकेन टोचलेले जुने उंदीर माद्यांच्या पिंजऱ्यात कोंबले. साहेबांचं गणित चुकलं की पहिली नजर झाडणारीकडेच जाते.

सिंधुबाईने बाटल्या खाली ठेवल्या. तिने माद्यांचा पिंजरा उघडला, एकेक उंदीर उचलून शेपटी वर केली.

"बघा सर, मादी. ही बी मादी. आठच्या आठ माद्या हाईत."

"मग?"

"मंग जुने कसे असतील? जुन्यात एक तरी मादी हाय का? तुमीच सांगितलं व्हतं ना, माद्या ठेवायच्या नाय. दूध तुटलं की खोक्यात भरायच्या."

तो खोका मग गॅसच्या खोलीत जायचा, माद्या मारायला. सरांनी स्वतः एक मादी उचलून पाहिली.

"म्हणजे फरक खरा आहे, सर," मृण्मयी हळूच म्हणाली.

"ताई, मंग इतकी वर्सं माद्या का फेकल्या?"

"मावशी, त्यांचं अंग पाळीसारखं दर चार-पाच दिवसांनी बदलतं. आकडे हलतात. म्हणून कुणी घेतच नव्हतं."

"आन् मी रोज बीपीची गोळी खाते, ती कुनावर बघितली?"

मृण्मयीने मान खाली घातली. "मला नक्की माहीत नाही, मावशी. पण बरंचसं काम नरांवरच झालंय."

 सिंधुबाईची नोकरी वाचली होती, पण त्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. ती पिल्लांच्या खोलीत आली. दूध तुटलेली पिल्लं निवडायचा आजचाच दिवस होता. हाताने सवयीने काम उरकलं, आणि बघते तर खोक्यात अकरा माद्या. बावीस वर्षांत अशा किती भरल्या असतील, याचा तिला हिशोब लागेना.

तिने रिकामा पिंजरा ओढला, भुसा पसरला आणि एकेक पिल्लू त्यात सोडलं.

सर दारात आले. "सिंधुबाई, उद्या या. आणि त्या माद्या..."

"पानी लावते, सर," ती मागे न बघता म्हणाली आणि सकाळपासून भरून ठेवलेली बाटली तिने पिंजऱ्याला अडकवली.