चालतं

घड्याळजीने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि स्ट्रॉबेरी योगर्टचा डबा अगदी नाकाशी धरला. मध. सफरचंदाच्या रसाचा अर्क. चिकोरीच्या मुळाचे तंतू. तिन्ही बायकोच्या यादीत वर्ज्य.

दुकानदाराला याची सवय झाली होती. आठ महिने हेच चाललं होतं. बायकोचं पोट सारखं फुगायचं, दुखायचं. आतडी नाजूक आहेत म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी लो-फॉडमॅप आहार लावून दिला. पोटात आंबून वायू करणाऱ्या साखरा बंद. कांदा गेला, लसूण गेला, गहूही गेला. साधं, लॅक्टोज काढलेलं योगर्ट तेवढं चालायचं. "चुना खाल्ल्यासारखं लागतं हो," म्हणत ती तोंड वाकडं करायची, पण खायची. फळांचं मागितलं की तो तिला डब्यावरचं सगळं वाचून दाखवायचा.

"घड्याळं सोडा आणि वकिली करा तुम्ही," ती म्हणायची.

आज सकाळी नवे रिपोर्ट आणायला तो एकटाच गेला होता. दुखणं आतड्यांचं नव्हतंच. अंडाशयात गाठ होती आणि ती पोटभर पसरली होती. परतताना दवाखान्याच्या जिन्यात आहारतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"यादीचं काय करू?" त्याने विचारलं.

"त्यांना आवडेल ते द्या, काका."

तो डबा घेऊन घरी आला. बायको खिडकीशी टेकून बसली होती. त्याने झाकण सोललं, चमचा खोचला आणि डबा तिच्या हातात ठेवला.

"हे मला चालतं?"

"चालतं."

"वाचलंत नीट?"

"वाचलं." तो तिची उशी सारखी करू लागला. उशी सारखीच होती.

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. सावकाश, डबा संपेपर्यंत खात राहिली.

"छान आहे हो," ती म्हणाली.

त्याने रिकामा डबा तिच्या हातातून घेतला.

तिने ओठ पुसले.

"अहो, लेकीला फोन लावा. सुट्टीची वाट बघू नकोस, लगेच निघ म्हणावं."