भिंतीवरची कानबाई

कानबाई ही आमच्याकडची श्रावणातली देवी, रविवारी घरी येते आणि सोमवारी तिला तळ्यावर निरोप द्यायचा असतो. आमच्या मेहरूणच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण गल्ल्या सजवत फिरणाऱ्या संस्थेच्या चित्रकाराला, कुंदनला, कोण सांगणार? त्याने आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या बाहेरच्या भिंतीवर कानबाईच काढायला घेतली आणि तिचा चेहरा झाला मालिकेतल्या नटीसारखा.

माझ्या सासूबाईंना, प्रमिलाबाईंना, ते बघवेना. त्या धुळ्याकडच्या. दर श्रावणात नारळावर कानबाईचे नाकडोळे त्याच रेखतात. त्यांनी ब्रश मागून घेतला आणि चेहरा स्वतः काढला. शेजारच्या बेबाबाईंनी टोकलं, की बसवलेली बाई दुसऱ्या दिवशी उठवावी लागते, ही कशी उठायची? कुंदन म्हणाला, अहो, हे नुसतं चित्र आहे. शिवाय त्याने सासूबाईंना कलाकार म्हटलं. उभ्या जन्मात तसं कुणी म्हटलं नव्हतं, त्या पार विरघळल्या.

मग गल्लीला भाव आला. उकिरडा गेला, तलावावर फिरायला येणारे भिंतीपाशी फोटो काढू लागले. घरमालक लीलाधरभाऊ एरवी छत गळतं म्हणून सांगितलं तरी फिरकत नसत, ते रोज येऊन भिंत न्याहाळू लागले. उन्हाळ्यात म्हणाले, इथे कॅफे करायचाय, श्रावण संपला की खोल्या सोडा. भिंतीला मात्र हात लावणार नाही, काळजी नको. जणू आम्ही भिंतीत राहतो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सासूबाईंचं भलतंच. बाईला बसवलं नि उठवलं नाही, म्हणून आपलं घर उठतंय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. घर मालकाच्या हावेपायी जातंय, देवीला कशाला मध्ये आणता, असं मी चिडून म्हणाले.

कानबाईच्या सोमवारी सगळी गल्ली वाजतगाजत तलावाकडे निघाली आणि सासूबाईंनी बादलीत चुना कालवला. भिंतीवरच्या बाईच्या पायांपासून पुसायला सुरुवात केली. कुणीतरी कळवलं असावं, लीलाधरभाऊ धावतच आले. त्या वळल्याही नाहीत.

"ती एक रातनी पाव्हनी शे, भाऊ. तिले ठेवतस नि आमले काढतस?"

चेहऱ्यापाशी हात थांबला. मग तोही त्यांनी पुसला. मला रडू आवरेना.

लीलाधरभाऊ रागावलेसुद्धा नाहीत. मोबाइल काढून चित्राचा फोटो दाखवला. म्हणाले, कुंदन चार दिवसांत पुन्हा काढून देईल, तुम्ही सामान बांधायला घ्या.

सासूबाईंचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. त्या बराच वेळ फोटो बघत राहिल्या. आता या माणसाला चार शब्द सुनावतील म्हणून मी वाट बघत होते.

"तेले तोंड जमनार नही," त्या हळूच म्हणाल्या. "मले बलावा."