सिद्रामप्पांचं गार दुकान

मानवाची सगळी प्रगती म्हणजे उष्णतेवर मिळवलेला विजय होय, असं शिवशरणचं ठाम मत होतं. सोलापुरात हा विजय दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस आटोपतो. पुढं माणसं घरातल्या घरात सावली शोधत फिरतात.

शिवशरण हा चाटी गल्लीतल्या सिद्रामप्पांचा एकुलता एक मुलगा. इंजिनियर होऊन परत आला होता आणि मुंबईच्या एका कंपनीनं त्याला बोलावलंही होतं. सिद्रामप्पांचं दुकान लग्नाच्या बस्त्याचं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या हौशी पुरवल्या. स्वतःची हौस एकच, पोरगा गादीवर शेजारी बसावा.

"शरणू, इथंच राहा," ते म्हणाले. "दुकानाचं काय करायचं ते कर."

"काय वाटेल ते?"

"गादी सोडून."

ते चौऱ्याहत्तर साल. तेल महागलं होतं, वीज भर दुपारी जायची आणि पंखे नुसते शोभेला लटकत. शिवशरणनं स्लॅबवर शेकडो मडकी उपडी मांडली आणि वरून चुना ओतला. दुकानामागं दुष्काळात आटलेला आड होता. त्याच्या तळातून दुकानाच्या फरशीखाली विटांचा बोगदा आणला. छतावर पत्र्याचं उंच धुराडं उभारून त्याला काळा रंग फासला. ऊन धुराडं तापवणार, आतली हवा वर पळणार आणि तिच्या जागी आडातली गार हवा दुकानात येणार. विजेचा संबंध नाही. ऊन जितकं कडक, तितकं दुकान गार.

"अप्पा, गिरणी काढताय का?" शेजारच्या दुकानदारांनी विचारून घेतलं.

एप्रिलात ते सगळं खरोखरच चाललं. याची तयारी कुणीच ठेवली नव्हती.

नातेपुत्याचे आबासाहेब लेकीचा बस्ता बांधायला आले ते टेम्पोभर गोतावळा घेऊन. त्यांची आत्या गोजाबाई भिंतीला टेकली आणि तिनं डोळे मिटले.

"आबा, हितं लई गार हाय की रं."

"व्हय की. पड जरा आत्ती. मालक, त्यो हिरवा शालू परत दावा."

"तीनदा पाहिलात तो."

"मग चौथ्यांदा बघू की. भाईर ऊन हाय, कुटं जायचंय आमाला?"

सिद्रामप्पांनी हिरवा उलगडला. मग जांभळा उलगडला. दुपारी मंडळींनी भाकरीची गठुडी सोडली, जेवली आणि ओळीनं आडवी झाली. नवरी मुलगी इरकलीच्या ढिगाऱ्याला टेकून घोरत होती. संध्याकाळी आबासाहेब ताजेतवाने होऊन उठले.

"झ्याक दुकान हाय. सकाळी येतो. अजून काय ठरलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी आले, आणि दराचीही घासाघीस नव्यानं सुरू केली. पाठोपाठ आलेली गिऱ्हाइकंही तशीच. कुणी उठेचना.

एका दुपारी गादीवर बसल्या बसल्या सिद्रामप्पांना उलगडा झाला, आणि त्या गारव्यात त्यांना घाम फुटला. त्यांच्या जिभेची अख्ख्या गल्लीत ख्याती होती. बस्ता बांधावा तर अप्पांनी, असं म्हणत. सकाळी हलकी लुगडी दाखवायची आणि दोनच्या सुमाराला भारी शालू काढायचा, ही त्यांची विद्या. त्या वेळेला स्लॅब तव्यासारखा तापलेला असे, बायकांना अंधारी येई, पोरं गळा काढत आणि कर्ता पुरुष म्हणे, "बांधा की आता." इतकी वर्षं त्यांना वाटलं, ही आपली जीभ. तो स्लॅब होता.

हे कुणाला सांगायचं? बाप आयुष्यभर माणसं भाजून माल विकत होता, हे पोराला तर नाहीच.

रात्री जेवताना ते म्हणाले, "शरणू, मडकी उतरव. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"लग्नाचं दुकान, आणि डोक्यावर उपडी मडकी. मयताची कळा येते."

शिवशरणचा हात ताटातच थांबला. "अप्पा, आपल्यात मयताला मडकं कुठं असतं? आपण लिंगायत, आपण पुरतो."

"गिऱ्हाईक पुरत नाही."

त्याची आई शिवम्मा पदराआड हसली. मग तिनं दोघांचे चेहरे पाहिले आणि ताकाची वाटी उगाच पुढं सरकवली.

"बरं, धुराडं तरी राहू दे?"

"तेही काढ."

"तुम्ही हे असलं मानता, हे मला माहीत नव्हतं," शिवशरण म्हणाला.

सिद्रामप्पा असलं काहीच मानत नव्हते. खरं सांगितलं असतं तर पोरगा पोट धरून हसला असता आणि हसून इथंच राहिला असता. बसून खाऊ लागलेल्या गिऱ्हाइकावर त्यानं तोडगाही काढला असता. अपशकुनावर मात्र कुठल्याही कॉलेजात तोडगा शिकवत नाहीत. खरं ओठापर्यंत आलं होतं. त्यांनी त्यावर ताक प्यायलं.

मडकी शिवशरणनं स्वतः फोडली. गड्यांना वर येऊ दिलं नाही. पावसाळ्याआधी तो मुंबईला गेला. स्टेशनवर सिद्रामप्पा म्हणाले, "तिकडं हवा दमट असते." तो म्हणाला, "हो." खिडकी नसलेल्या कचेऱ्या यंत्रानं गार करणाऱ्या कंपनीत तो लागला. दिवाळीला येतो तेव्हा दुकानात बसतो, पण गादीच्या अलीकडं, गिऱ्हाइकं बसतात तिथं. चहाला बोलावलं की "असू दे" म्हणतो.

पुढच्या उन्हाळ्यात स्लॅब पूर्वीसारखा तापला. सिद्रामप्पा दोनच्या सुमाराला शालू काढत राहिले आणि लोक "बांधा की आता" म्हणत राहिले. ते ऐकलं की त्यांची नजर आपसूक छताकडं जाई.

हंगाम संपल्यावर हिशेब झाला. विक्री गार दुकानाच्या हंगामात झाली होती तेवढीच भरली. दोन्ही वर्षी लग्नंच तेवढी होती.