राणीसाहेबांची लाथ

माझ्या डाव्या मांडीवर तीन खुणा आहेत आणि तिन्ही एकाच गाढविणीने दिलेल्या. मी जनावरांचा डॉक्टर आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण ती गाढवीण माझ्या सख्ख्या आत्याची, हे मी चारचौघांत बोलत नाही. आत्या तिला राणीसाहेब म्हणते. मी काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

राणीसाहेबांनी एकोणतीस वर्षं आत्याचे दुधाचे कॅन वाहिले. मग सांधे गेले, दात गेले, गुर्मी तेवढी राहिली. गेल्या हिवाळ्यात आत्याचा फोन आला. ती आडवी झालीय, उठत नाही, तिचे हाल बघवत नाहीत, शेवटचं इंजेक्शन घेऊन ये.

मी हातातलं काम टाकून धावलो. आधी झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं, तिला काही कळणारसुद्धा नाही, असं आत्याला नीट समजावलं. आत्या डोळे पुसत मान हलवत होती. मी पेटीचं झाकण उघडलं, खट्ट वाजलं, आणि मरायला टेकलेली ती बया ताडकन उठली, मला लाथ घातली आणि गवत खायला निघून गेली.

दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ती माझ्या गाडीचा हॉर्न ऐकूनच उठली. त्या दिवशी आत्याने तिच्यासाठी गवताचा भारा आधीच सोडून ठेवला होता आणि माझ्यासाठी शेकायची पिशवी भरून ठेवली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जाम भडकलो. एवढं शिकलो ते काय गाढवाचं टॉनिक व्हायला, असं विचारलं.

"लागू पडतोस ना? मग झालं तर," आत्या म्हणाली. मग पिशवी माझ्या मांडीवर दाबत हळूच म्हणाली, "ज्या दिवशी तुला बघूनही उठणार नाही, त्या दिवशी मी नको म्हटलं तरी ऐकू नकोस."

काल ती उठली नाही.

मी हॉर्न वाजवला. आत्या म्हणाली, परत वाजव. मी अकरा वेळा वाजवला, पेटी तीनदा आपटली, राणीसाहेबांच्या खानदानाचा उद्धार केला. तिने नुसता एक कान हलवला. श्वास कण्हत चालला होता. मला रडू यायला लागलं, त्याचाच मला राग आला.

मी तिच्या मागच्या पायांजवळ जाऊन बसलो. शहाणा डॉक्टर तिथे कधी बसत नाही.

"मार की गं," मी म्हणालो.

बराच वेळ गेला. मग तिचा खूर चार बोटं सरकला आणि माझ्या गुडघ्याला टेकला. नुसता टेकला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, गुडघा धरून गोठाभर एका पायावर नाचलो. आत्या आधी दचकली, मग खो खो हसत सुटली, हसता हसता खाली बसली आणि राणीसाहेबांचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

"बघितलंस? अजून घाबरतो तुला," ती तिच्या कानात म्हणाली आणि मग माझ्याकडे न बघता, "दे आता."

पहिल्या इंजेक्शनने ती झोपली. दुसरं मी सावकाश दिलं.

पेटी आवरून मी निघालो. आत्या गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती, म्हणून मी गाडीपर्यंत लंगडत गेलो.