बिनसाबणाचं पाणी

निवृत्तीचं पाणी

कस्तुराबाईची वांगी जगणार की मरणार, हे त्या चैत्रात एका साबणाच्या वडीवर येऊन ठेपलं होतं.

गेल्या पावसाळ्यात, म्हणजे न पडलेल्या पावसाच्या पावसाळ्यात, लातूर जिल्हा झाला. बोरखडी गाव उस्मानाबादेतून उठून लातुरात आलं. जागचं हललं मात्र नाही. कस्तुराबाईचा नवरा निवृत्ती नव्या जिल्ह्याच्या एका हापिसात शिपाई लागला आणि रोज मुरुडहून एस्टीनं लातूरला जाऊ लागला. पहिल्याच महिन्यात त्यानं गुलाबी रंगाची वासाची वडी आणली. तोवर त्याच्या अंगाला दगडाशिवाय काही लागलेलं नव्हतं.

आता वांग्यांचं. बी कस्तुराबाईच्या आईचं, पार्वतीबाईचं. हिरव्या अंगाचं, पांढऱ्या शिरांचं, देठाला काटे असलेलं वांगं. म्हातारी वारली, भावांनी बाजारचं बी आणलं, आणि राखेत कालवून मडक्यात ठेवलेली मूठभर पुडी तेवढी कस्तुराबाईकडे उरली. दोन वर्षं पाण्यावाचून ती पेरता आली नव्हती. अजून एक वर्ष ठेवली असती तर बी नुसती भुकटी झाली असती. उगवलं तर यंदा, नाहीतर ते वांगं दुनियेतून गेलं.

म्हणून शिमग्याची राख गार होते न होते तोच तिनं परसात वाफे केले. काळी माती चाळून घेतली, तिच्यात कुजलेलं शेणखत मिसळलं, मुंग्यांसाठी होळीची राख भुरभुरली. वीतभर उंच, खाटेएवढे लांब असे दोन गादीवाफे, आणि त्यांच्या कडेनं व मधून सरी. सपाट वाफ्यात पाणी सोडलं की बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं, आणि पाणीही बक्कळ लागतं. उंच वाफ्याला सरीतून तांब्याभर दिलं तरी माती ते खालून ओढून घेते. ही आईचीच रीत.

कुंपणापलीकडून जाऊ, चांगुणाबाई, दोन दिवस बघत होती. शेवटी म्हणाली, "एवढी मऊ गादी तर माझ्या लग्नात बी न्हवती."

"तुमी उगवणार न्हवता, बाई," कस्तुराबाई म्हणाली.

बी उगवलं. दोन-दोन पानांची रोपं मान वर काढून उभी राहिली. आणि पाण्याची गोष्ट सुरू झाली.

परसाच्या वरच्या अंगाला भावकीचा आड होता. आडावर बाजेवर बसलेले अण्णाराव, निवृत्तीचे चुलते. त्यांच्या मांडीवर काठी आणि तोंडात एकच हुकूम: "माणसाला आन् जनावराला. झाडाला थेंब न्हाई." घरटी घागरी ठरलेल्या. त्या वाट्यातून प्यायचं, रांधायचं आणि उरलं तर न्हायचं. न्हाऊन झालेलं पाणी कुठं जातं याला मात्र अण्णारावांचा हुकूम नव्हता. म्हणून कस्तुराबाईनं न्हाणीची मोरी वाफ्यांकडं वळवली होती.

ते पाणी गुलाबी वासाचं होतं.

आठवडाभरात मोरीकडच्या रोपांची पानं कडेनं वळली. सरीवर पांढरी साय धरली.

"आज साबण लावू नका," ती म्हणाली.

"मग काय लावू?"

"हात लावा."

"अगं, मी आता जिल्ह्याचा माणूस हाय. साहेबाम्होरं फाइल घेऊन उभं ऱ्हायचं म्हंजे..."

"साहेब फाइल वाचतोय का तुमाला हुंगतोय?"

तिनं वडी पिठाच्या डब्यात लपवली. निवृत्तीनं मग आंघोळच सोडली. तोंडावर पाणी मारून, केसाला तेल चोपडून तो एस्टीला जाऊ लागला. रोपांना आता साबणाचं मिळेना, बिनसाबणाचंही मिळेना. दुपारी ती माना टाकायची, संध्याकाळी कशीबशी उचलायची.

ज्ञानोबाला न मिळालेलं पाणी

अशात एका सकाळी गावात ज्ञानोबा आला.

ढोकीच्या पलीकडच्या वस्तीवर भावकीची एक शाखा होती. ज्ञानोबा तिकडचा. तो उन्हातून चालत आला, पायातल्या वहाणा काढल्या नाहीत, कुणाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, आणि "पाणी घ्या" म्हटल्यावर मान हलवली. त्याबरोबर भावकीनं ओळखलं. मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस तो सांगितल्याशिवाय पाणी पीत नाही.

आणि सांगावा ऐकला की आंघोळ. अंगावरच्या कपड्यानिशी, डोक्यावरून. साबण नाही, तेल नाही. त्याआधी घरात पाऊल नाही, चूल नाही. लांबचं सुतक तेवढ्यावर फिटतं. पण डोक्यावरून म्हणजे माणशी घागर, तीही वाट्यातली, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत जीभ टाळूला. मात्र रीतीत एक फट होती: ऐकलं तरच विटाळ. न ऐकलेल्या माणसाच्या लेखी मेलेला जिवंतच असतो.

तेव्हा ज्ञानोबा पहिल्या दारात गेला तर दार लागलं, दुसऱ्या दारातला गडी त्याला बघून एकाएकी शेताकडं पळत सुटला जिथं गेल्या पोळ्यापासून कुणी फिरकलं नव्हतं, तिसऱ्या घरातली म्हातारी जातं ओढायला बसली आणि जात्यात दाणा नव्हता, चौथ्या घरी मोठ्यानं रेडिओ लागला, पाचव्यात बाई म्हणाली मालक घरी न्हाईत आणि मालक आतून म्हणाले हाव, न्हाई, आणि आडावर अण्णाराव, ज्यांना वाफ्यावर सांडलेला थेंब वाजलेला ऐकू यायचा, ते हाताचा द्रोण कानामागं धरून "आँ? आँ?" करत राहिले, आणि ज्ञानोबानं तोंड उघडलं की बाजेवरून उठून दुसऱ्या अंगाला जाऊन बसले.

माध्यान्हीला तो कस्तुराबाईच्या कुंपणाशी आला. ओठ फुटलेले.

"बाई, सांगू का?"

कस्तुराबाई वाफ्यावर तुराट्यांची सावली घालत होती. तिनं त्याच्या वहाणांकडं पाहिलं, आडाकडं पाहिलं. आडाच्या न्हाण्याच्या दगडाकडं पाहिलं. तिथून तिच्या परसापर्यंतच्या उताराकडं पाहिलं.

"न्हाई सांगायचं," ती म्हणाली.

ज्ञानोबा मटकन खाली बसला. "तुमीबी?"

"आत्ता न्हाई. दिवस कलल्यावर आडावर सांगा. समद्यांला एका दमात."

"तवर मी तहानेनं मरंन की!"

"मरू नका. मेलात तर त्याच आंघोळीत भागंल तुमचं."

त्याला कडुलिंबाखाली बसवून तिनं कुदळ उचलली आणि न्हाण्याच्या दगडापासून वाफ्यांपर्यंत चर खणायला घेतला. अण्णाराव तेव्हा जेवून झोपले होते.

आडावरचं पाणी

संध्याकाळी घागरींची रांग लागली. रांग सोडली तर पाळी गेली, हा अण्णारावांचाच नियम. त्यामुळं ज्ञानोबा कडुलिंबाखालून उठून आला तरी कुणाला पळता येईना. सगळ्यांनी घागरी खाली ठेवल्या आणि बोटं कानात घातली.

अण्णाराव खाकरले. आता बहिरेपण कामाचं नव्हतं. कायदा लागणार होता.

"कुण्या गावाहून आलात, पाव्हणं?"

"ढोकीकडून."

"म्हंजे उस्मानाबाद जिल्हा. आन् आमी लातूर. भावकी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण हद्द येगळी झाली. तिकडचं सुतक इकडं लागत न्हाई. काय रे निवृत्ती? तू तर हापिसातला."

निवृत्ती नुकताच एस्टीतून उतरून आला होता. जन्मात पहिल्यांदा चुलत्यानं त्याला काही विचारलं होतं. त्यानं सदऱ्याची बटणं लावली. "तसा लेखी हुकूम बघण्यात न्हाई आला," तो म्हणाला, "पण सगळे कागद येगळे झाल्यात खरे."

"झालं तर!" रांगेनं कानातली बोटं न काढताच होकार दिला. म्हणजे ऐकू येत होतं.

"मामा," कस्तुराबाई पदर सावरून म्हणाली, "हद्दीपल्याड तुमच्या दोन लेकी दिल्यात. त्या कवा परत आणायच्या?"

"अं?"

"आन् ढोकीच्या शिवारातलं तुमचं रान? तेबी सोडून द्या की. हद्द येगळी झाली."

अण्णारावांनी काठी उचलली आणि परत मांडीवर ठेवली. रान चांगलं काळंभोर होतं. "उगं वाद नगं," ते म्हणाले, "माझी पाळी हाय," आणि बाजेवरून उठून त्यांनी पोहरा आडात सोडला. भरून घरी जायचं, दार लावायचं, एवढाच बेत.

पण आडाचं पाणी पार तळाला गेलं होतं, दोर लांब होता, आणि दोर ओढायला दोन हात लागतात.

पोहरा निम्म्यावर आला तशी कस्तुराबाईनं ज्ञानोबाकडं पाहून मान डोलावली.

"व्यंकटराव वारले!" ज्ञानोबा ओरडला. "पहाटं! म्हातारपणानं! पाणी द्या!"

अण्णाराव अडकले: दोर सोडावा तर पोहरा आडात, कान झाकावे तर दोर सुटतो, आणि झाकूनही आता उपयोग नव्हता. त्यांनी पोहरा वर ओढला, हळूच कट्ट्यावर ठेवला, आणि अशी हाय खाल्ली की व्यंकटरावांच्या घरीही कुणी खाल्ली नसेल. ढोकीकडच्या या व्यंकटरावांना बोरखडीतल्या कुणीही रझाकारानंतर पाहिलेलं नव्हतं.

"काय म्हणला? काय म्हणला?" कानात बोटं असलेले एकमेकांना विचारू लागले. चांगुणाबाईच्या पोटात कुठलीच बातमी आजवर टिकली नव्हती. "व्यंकटराव गेले म्हणायलाय!" ती रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, आणि मग तोंडावर हात ठेवला.

विटाळ लागला. दुसऱ्या घागरीच्या पाळीसाठी थांबलेल्यांच्या भरलेल्या घागरींनाही लागला; आता ते पाणी ना पिता येत होतं ना घरात नेता येत होतं. एकानं शिवी हासडून घागर डोक्यावर पालथी केली. दुसऱ्यानं केली. पुरुष दगडावर, बायका तुराट्यांच्या आडोशाला. मागून जे पोहरे निघाले तेही तसेच रिचवले गेले. निवृत्तीनं बऱ्याच दिवसांनी आंघोळ केली. ज्ञानोबा मात्र आधी ओंजळीनं पोटभर प्याला आणि मगच भिजला. तो म्हणाला, आमच्यात असंच असतं, आणि त्याला अडवायची कुणाला हिंमत झाली नाही.

पाणी दगडावरून उतरलं, चरात शिरलं, उतारानं धावत सरीत आलं. नितळ, बिनवासाचं. वाफ्यांच्या कडा खालून काळ्या पडत वर आल्या.

अण्णारावांचं पाणी

अण्णाराव ओल्या धोतरानं उभे होते. त्यांची नजर पाण्याच्या मागं मागं गेली आणि वाफ्यापाशी थांबली.

"कस्तुरे, हा चर कवाचा?"

"दुपारचा."

"आन् मयत तुला कवा कळालं?"

"तुमच्यासंगं, मामा. त्याआधी ऐकलं असंल तर जीभ झडंल."

हे खरंच होतं. त्यामुळं त्यांना जास्तच राग आला.

"झाडाला थेंब न्हाई, असा हुकूम हाय!"

"झाडाला कुठं दिलं? तुमी अंगावर घेतलं. पुढं ते कुठं जातं ते त्याला इचारा."

अण्णाराव वाफ्याशी जाऊन उकिडवे बसले. त्यांनी रोपं एकेक करून मोजली. "म्हंजे हे पाणी माझं हाय," शेवटी ते म्हणाले.

"हाय की."

"मग ही रोपं..."

"माझ्या आईची हाईत!"

"माझीबी घागर गेली," चांगुणाबाई केस पिळत म्हणाली. "मला दोन पाहिजेत. माझे केस लांब हाईत."

मग ओल्या अंगाचे सगळेच कुंपणाशी आले. कुणी म्हणे मी दोनदा ओतलं, कुणी म्हणे माझ्या अंगावरून जास्त वाहिलं कारण मी रुंद हाय. कस्तुराबाई दोन्ही हात पसरून वाफ्यापुढं उभी राहिली, कोंबडीसारखी. आईचं वांगं या लोकांच्या परसात? जे जात्यात दाणा नसताना दळतात? पण भांडता भांडता तिचं लक्ष मोरीकडच्या कडेला गेलं. तिथली रोपं आजही मान टाकून होती; ती जाणार होती. एका परसात असंच होतं. साबणाची एक वडी येते, आणि संपतं सगळं. एवढ्या परसांत एकदम संपायला निदान वेळ तरी लागला असता.

"घरटी एक," ती म्हणाली. "चार पानं आल्यावर. आन् पहिल्या वांग्याचं बी मला आणून द्यायचं. खायचं न्हाई."

"एक तर एक," अण्णाराव म्हणाले. "पण माझं मी निवडणार."

त्यांनी निवडलंही. त्याच्या शेजारी काडी रोवली.

चैत्राचं ऊन काही कुणाच्या सुतकावर थांबत नाही. तीन-चार दिवसांत सऱ्या परत भेगाळल्या. भावकीत कुणी मरेना; सगळे ठणठणीत. कस्तुराबाई पहाटे उठून वाफ्याशी बसली होती, तर आडाच्या दगडावर कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. अण्णाराव. पुढ्यात घागर, त्यांच्या स्वतःच्या वाट्यातली.

ती झटकन उठली. "काय झालं मामा? कोण गेलं?"

"बायजाक्का."

"कवा?"

"बहात्तरला," अण्णाराव म्हणाले. "सांगावा आला तवा मी झोपेचं सोंग घेतलं हुतं. तिची आंघोळ ऱ्हायली हुती." आणि त्यांनी घागर डोक्यावर धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांना साडूचा चुलता आठवला. हे बघून चांगुणाबाईच्या नवऱ्यालाही त्याच्या आत्याचा दीर आठवला. तो म्हणे पोलीस अॅक्शनच्या धामधुमीत तसाच राहून गेला होता. बोरखडीच्या भावकीनं दुष्काळादुष्काळांतून किती मेलेल्यांना जिवंत ठेवलं होतं, ते आता बाहेर येऊ लागलं. रोज पहाटे दगडावर कुणी ना कुणी कपड्यानिशी बसलेला असे, आणि पाणी पडताना आपलं रोप कुठलं ते मान वाकडी करून बघत असे. निवृत्ती एकदा चुकून साबणाची डबी घेऊन तिकडं गेला, तर अण्णारावांनी काठी घेऊन त्याला फाट्यापर्यंत पिटाळलं.

रोपांना तिसरं पान फुटलं त्या सकाळी अण्णाराव एका मावशीची आंघोळ करत होते. मावशी नात्यानं नेमकी कुणाची, हे त्यांना धड सांगता येत नव्हतं. कस्तुराबाईनंही विचारलं नाही. ती खुरप्यानं सरीचं तोंड मोकळं करत होती.

"मामा," ती म्हणाली, "जरा डाव्या अंगाला सरकून बसा. तिकडची सरी कोरडी ऱ्हायलीय."

अण्णाराव सरकले.