हृदयाने वाचणारा माणूस

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिने भरले, खिडक्यांच्या कठड्यांवरही माणसं चढून बसली. व्यासपीठावर महाराज, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा जन्मांध शिष्य. अंगात पायघोळ कफनी आणि डोक्याला चक्क लोकरी कानटोपी. एवढ्या उकाड्यात कानटोपी का, हे कोणी विचारलं नाही. भक्तीला घाम दिसत नाही.

लोक आपली अडचण कागदावर छापून आणायचे आणि शिष्याच्या छातीसमोर धरायचे. तो क्षणभर मान खाली घालायचा आणि अक्षरन् अक्षर वाचून दाखवायचा.

"डोळ्यांनी वाचतो तो साक्षर!" महाराज माइकवरून गरजले. "हृदयाने वाचतो तो सिद्ध! हाताने लिहिलेलं आणू नका, हस्ताक्षरात अहंकार असतो. छापील अक्षर निर्मळ! आणि शांत राहा. कागद धरला की सिद्धाभोवती भुंगा गुणगुणतो. भाग्यवंतांनाच ऐकू येतो!"

"ऐकलंत ना वन्सं?" वहिनीने नणंदेचा हात दाबला. "आंधळ्याला वाचायला लावलं यांनी. आपल्या पोरीचा डोळा म्हणजे काय मोठंसं?"

वाद घालून वन्सं थकल्या होत्या. वहिनीच्या चार वर्षांच्या मुलीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती, वर बजावलंही होतं, "उशीर केलात तर मेंदू त्या डोळ्याची दखल घेणंच सोडून देईल." महाराज म्हणाले, "सुरी लागली की कृपा आटते." झालं! तारीख गेली आणि पाच महिने नुसतं अंजन चाललं होतं.

वन्संना स्वतःलाही दिसत नव्हतं. कारखान्याच्या जावक विभागात वीस वर्षं कारकुनी केल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. साहेबांनी बोलणारा नवा संगणक आणून दिला आणि सांगितलं, "तीन महिन्यांत जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर घरी." पहिला आठवडा त्या रडल्याच. पडद्यावरचं सगळं तो आवाज वाचायचा, स्वल्पविरामसुद्धा. शिकवणारे सर दर सोमवारी त्याचा वेग वाढवायचे. शेजारच्या टेबलावरचे हसायचे, "बाई, तुमच्या डब्यात माश्या शिरल्या वाटतं." हळूहळू त्या माश्यांची वाक्यं झाली. तिसऱ्या महिन्यात वन्संनी एका दिवसात चाळीस पत्रं काढली. त्याचं कौतुक करायला मात्र सभागृह भरलं नाही.

त्यांचा नंबर जवळ आला. पुढे एक म्हातारा होता. त्याने कागद धरला, सभा चिडीचूप झाली आणि शिष्याच्या टोपीपाशी बारीक गुणगुण सुरू झाली.

वन्संचे कान टवकारले. भुंगा मराठी बोलत होता! "माझा मुलगा स्वल्पविराम दोन वर्षं झाली स्वल्पविराम माझ्याशी बोलत नाही पूर्णविराम..." मग शिष्य तेच सावकाश, गहिवरून बोलला. स्वल्पविराम तेवढे गाळून.

वहिनीने आपला कागद धरला. शिष्याने तोंड उघडण्याआधी वन्संच मोठ्याने बोलू लागल्या, "माझ्या मुलीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला..."

सभा गोठली. मग एकच गलका उठला, "बाईंनाही सिद्धी!" कोणीतरी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

महाराज कसले वस्ताद! "पाहा, पाहा! आमच्या नुसत्या सहवासाने..."

"सिद्धी नाही हो!" वन्संचा आवाज फाटला. "तीन महिने शिकलेय मी हे!"

ऐकतंय कोण? तेव्हा त्यांनी चाचपत शिष्याची कानटोपी धरली. आत वायर लागली. ती त्यांनी हिसडली आणि शिष्याच्या छातीतून, कफनीच्या आतून, खणखणीत आवाज आला, "डोळ्याला गुण यावा ही नम्र विनंती पूर्णविराम. बॅटरी नऊ टक्के. चार्जर जोडा."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग सगळं सभागृह उसळलं. कफनीला छातीवर भोक होतं. भोकामागे मोबाइलचा कॅमेरा होता. मोबाइल कागदाचा फोटो घ्यायचा, त्यातली छापील अक्षरं ओळखायचा आणि कानात वाचून दाखवायचा. हस्ताक्षर त्याला नीट लागत नव्हतं, एवढाच तो अहंकार. महाराज मागच्या दाराने पसार झाले. शिष्याला विसरून.

तो पायरीवर बसून होता. वन्सं त्याच्याजवळ बसल्या. "इतक्या वेगाने ऐकता. कुठे शिकलात?"

"घरीच. महिन्याभरात," तो म्हणाला. "सोळा ठिकाणी अर्ज केले. मुलाखतीत वाचून दाखवलं, तर म्हणाले, यंत्र वाचतंय, तुम्ही काय करता? महाराजांनी तेवढं विचारलं नाही. टोपी घालशील का, एवढंच विचारलं. नोकरी मागत होतो तेव्हा कोणी पाणी विचारलं नाही बाई. इथे पाया पडतात."

"आणि आमच्या पोरीचा डोळा?"

त्याने कानटोपी काढून पायरीवर ठेवली. "सगळ्यांचं वाचत होतो. ऐकत कोणाचंच नव्हतो."

दुसऱ्या दिवशी वन्संनी साहेबांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. साहेब म्हणाले, "त्या ढोंग्याला? आणि बाई, आंधळं माणूस एक आहे की आपल्याकडे."

मुलीची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू निघाला, पण त्या डोळ्याला उजेड आणि हलणारा हात यापलीकडे काही कळेना. डॉक्टर म्हणाले, "पाच महिने आधी यायला हवं होतं." वहिनी दवाखान्याच्या बाकावर कोसळली. "वन्सं, मला कोणी आधी का नाही सांगितलं हो?" सगळ्यांनी सांगितलं होतं. वन्संनी तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

गावात आजही म्हणणारे म्हणतात, सिद्धी खरीच होती, बाईंनी वायर ओढून घालवली. महाराज दुसऱ्या गावी आहेत. नवा शिष्यही मिळाला म्हणे.

अशांना शिव्या देऊन भागत नाही. जे दाखवलं जातंय ते कसं होतं, हे तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर विचारलं पाहिजे. आणि कष्टाने शिकलेल्याला, तो सिद्ध नसला तरी, खुर्ची दिली पाहिजे. विचारल्याने खऱ्याचं काही बिघडत नाही. न विचारल्याने एका मुलीचा डोळा गेला.