काळी दिसली की पास

बसवताना नट जास्त आवळला म्हणून काचेची नळी फुटली, असं आमच्या साहेबांनी कागदावर लिहून दिलं आणि पुरावा म्हणून माझ्याच सहीचा तपासणीचा दाखला जोडला. नट आवळणारे कोण, तर माझे सख्खे धाकटे दीर. उजव्या हाताला अकरा टाके, दोन बोटं अजून वाकत नाहीत, आणि वर निष्काळजीपणाचा ठपका. म्हणजे माझ्या सहीनं माझ्याच घरातल्या माणसाची नोकरी जाणार, आणि मी चौकशीला जाऊन नुसती मान डोलवायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आधी कामाचं सांगते. आमच्या कारखान्यात बॉयलरला लागणाऱ्या काचेच्या नळ्या होतात. बॉयलरमध्ये पाणी किती आहे, ते बाहेरच्या या नळीत दिसतं. भट्टीतली काच घाईनं गार केली की तिच्यात ताण राहतो. वरून बघाल तर काच स्वच्छ, पण वाफेची धग बसता बसता एक दिवस ती फुटते. असा ताण शोधायचं काम सोळा वर्षं माझ्याकडे आहे.

साधन म्हणाल तर एक दिवा आणि दोन काळसर तावदानं. प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो. पहिलं तावदान त्यातली एकच दिशा पुढे जाऊ देतं. दुसरं त्या दिशेला बरोबर आडवं बसवलेलं असतं, त्यामुळे ते उरलेलंही अडवतं आणि पलीकडून बघणाऱ्याला अंधार दिसतो. मध्ये चांगली काच धरली तरी अंधारच. ताण असलेली काच मात्र प्रकाशाची दिशा बिघडवते, आणि प्रत्येक रंगाची निरनिराळी बिघडवते. मग त्या अंधारात पिवळे, जांभळे, निळे पट्टे उमटतात. इतके सुंदर की नवीन माणूस बघत राहतो. रंग दिसले की नळी बाद, काळी दिसली की पास.

हे मला सासऱ्यांनी शिकवलं. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माझ्या आधी त्या खुर्चीवर तेच बसायचे. त्यांचा एकच हट्ट होता, नळी दिव्यासमोर धरायची आणि तिरकी फिरवायची. नळीतला ताण तिच्या लांबीला धरून असतो. नळी तावदानाच्या दिशेला सरळ धरली तर प्रकाश तिच्यातून न बिघडता जातो, आणि वाईटातली वाईट नळीसुद्धा काळीभोर दिसते. तिरकी केली की लगेच रंग सांडतात.

मागच्या वर्षी नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांना सगळीकडे वेळ वाया जाताना दिसायला लागला. माझ्यासाठी त्यांनी लाकडी साचा करून आणला, पाच खाचांचा. पाच नळ्या सरळ ठेवायच्या, एक नजर टाकायची, पुढच्या पाच. मी म्हटलं, "साहेब, फिरवून बघावी लागते." ते म्हणाले, "बाई, रंग काय फक्त तिरक्या नळीत राहतात का? असले तर सरळसुद्धा दिसतील." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आठवड्याभरानं मी पुन्हा सांगितलं, तेव्हा म्हणाले, "तुम्हाला बदल नको असतो, एवढंच आहे."

भाऊजी एका मोठ्या लाँड्रीत बॉयलरवर आहेत. तिथे आमच्याच नळ्या लागतात, कारण भाऊजींनीच मॅनेजरांच्या मागे लागून त्या घ्यायला लावल्या होत्या. "आमच्या वहिनी तपासतात, डोळे मिटून घ्या," असं सांगून. त्यातलीच एक त्यांच्या हातावर फुटली.

आणि मी काय केलं? दवाखान्यात त्यांनाच झापलं. "भाऊजी, पाना हातात आला की तुम्हाला जोर आवरत नाही," म्हटलं. बिचारे म्हणाले, "असेल." माझ्या तपासणीवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास, म्हणून त्यांनाही वाटलं की आपणच जास्त आवळला असेल.

घरी येऊन मी अण्णांना हे सांगत होते. ते ओट्याशी उभे राहून चहा गाळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "फिरवून बघितली होतीस?"

मी साच्याचं सांगायला लागले. साहेब असे, साहेब तसे. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "मी साहेबांचं नाही विचारलं." आणि आपला कप घेऊन बाहेर गेले.

त्या रात्री मला माझाच इतका राग आला की काय सांगू. दोनदा सांगितलं म्हणून मी तोरा मिरवत होते. तिसऱ्यांदा का नाही सांगितलं? कारण साच्यानं माझी मान दुखायची थांबली होती आणि काम चारला संपत होतं. खरं कारण एवढंच होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

चौकशी लाँड्रीतच होती, मॅनेजरांच्या खोलीत. पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. भाऊजी बांधलेला हात मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसले होते. साहेबांनी दाखला पुढे सरकवला. "नळी आमच्याकडून निर्दोष गेली. या बाईंचीच सही आहे, आणि या जखमी माणसाच्याच घरच्या. आता आणखी काय पुरावा हवा?" नाकानं कांदे सोलणं साहेबांकडून शिकावं.

मॅनेजर म्हणाले, "बाई, सही तुमचीच ना?"

"माझीच," मी म्हटलं. "त्याच खोक्यातल्या नळ्या असतील तर एक आणा."

हातात धरायचं छोटं साधन मी पिशवीतून नेलं होतं. स्टोअरमधून नळी आली. मी ती सरळ धरून मॅनेजरांना बघायला सांगितलं. काळी. साहेब म्हणाले, "बघा, मी काय म्हणत होतो."

मग मी नळी तिरकी केली. मॅनेजरांनी डोळा आणखी जवळ नेला. पिवळा, जांभळा, निळा, पुन्हा पिवळा. काच किती घाईनं गार केली होती, ते त्या पट्ट्यांवर स्पष्ट दिसत होतं.

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?" साहेब माझ्यावरच उखडले. "दाखल्यावर सही तुमची आहे. नोकरी तुमची जाईल, कळतंय का?"

"कळतंय. सरळ ठेवायचा साचा तुमचा, आणि सगळं माहीत असून सही करणारी मी. दोघांचंही लिहा. भाऊजींविरुद्धचा कागद मात्र आत्ता मागे घ्या."

साहेबांचा आवाज लगेच मऊ झाला. "हे बघा, कागद मी मागे घेतो. विषय इथेच मिटवू. साच्याचं बाहेर कशाला?"

घ्या. त्या एका खेपेच्याच नळ्या गेल्या तीनशेच्या वर, प्रत्येकीसमोर कुणी ना कुणी उभा, आणि या माणसाला विषय मिटवायचाय. मी म्हटलं, "जिथे जिथे गेल्या तिथे आज फोन जातील. तुम्ही नाही केलेत तर मी करीन."

"त्या खोक्यातल्या दोन आत्ता बॉयलरवर आहेत," कोपऱ्यातून भाऊजी म्हणाले.

मॅनेजरांनी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "आज चालू द्या, उद्या बदलू. एवढे दिवस टिकल्यात ना." मॅनेजर घड्याळ बघायला लागले.

भाऊजी उठले होते. कुणाला न विचारता ते बॉयलरकडे निघाले आणि मी त्यांच्या मागे धावले. बॉयलरखोलीत उकाडा होता. दोन्ही नळ्यांमध्ये पाणी हलत होतं, काच अगदी लख्ख. नळीत येणारी वाफ बंद करायला भाऊजींनी डावा हात वरच्या चावीला घातला. मला वाटलं, दोन हातांचं काम आहे, म्हणून मी खालच्या चावीसाठी पुढे झाले. दवाखान्यात त्यांना जे बोलले होते, त्याची माफी अजून माझ्या तोंडातून निघाली नव्हती.

भाऊजींनी बांधलेला हात माझ्यापुढे आडवा धरला.

"समोर उभ्या राहू नका, वहिनी," ते म्हणाले. "बाजूला व्हा."